अम्माला सांगितलेला सबक

कडुलिंब फुलला की माझं पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात, पित्त आहे. असेलही. पण पित्ताला महिना कळत नाही आणि माझ्या दुखण्याला तो बरोबर कळतो. फाल्गुन सरत येतो, धाराशिवच्या आमच्या गल्लीत झाडांखाली बारीक पांढरी फुलं पडू लागतात, आणि गच्चीगच्चीवर परीक्षेची पोरं फेऱ्या घालत पुटपुटू लागतात. यंदा त्यांत आमची नातही आहे. तिला डॉक्टर व्हायचंय. काल खाली येऊन म्हणाली, "आजोबा, जरा पुस्तक धरा ना. मी म्हणते, तुम्ही चुका काढा." पुस्तक उघडलं तर हृदयाचा धडा. मी म्हणालो, चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या कपाळावर होता.

तिनं तो पाहिला आणि पुस्तक घेऊन पुन्हा गच्चीवर गेली. पोर शहाणी आहे.

मी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवलं. बेडूक शिकवला, पोट शिकवलं, फुप्फुसं शिकवली. हृदयाचा धडा आला की मात्र दरवर्षी एका ओळीपाशी माझी जीभ अडायची. पोरांना वाटायचं, मास्तर विसरले. विसरलो असतो तर बरं झालं असतं. त्या ओळीचा पत्ता तेरखेड्याच्या एका ओसरीवरचा आहे, निजामी राजवटीतल्या एका सुगीतला, आणि तिच्याजवळ जायचं म्हणजे दस्तगीरजवळून जावं लागतं.

दस्तगीर आणि मी गुलबर्ग्याला इंटरला एका खोलीत राहायचो. मी तेरचा, तो तेरखेड्याचा. दोघांनाही हैद्राबादला डॉक्टरकीला जायचं होतं. आपल्या भागातून एखादाच मुलगा तिथवर पोचायचा, त्यामुळं दोघांचाही नंबर लागेल असं मला कधी वाटलंच नाही. मनातल्या मनात मी एकच खुर्ची मांडली होती आणि तिच्याभोवती आम्ही दोघं फिरत होतो. दस्तगीरला अशी काही खुर्ची आहे याचा पत्ताही नव्हता. तो आपला खुशाल माझ्या ताटातली चटणी उचलून खायचा.

मला त्याचा हेवा वाटायचा. कशाकशाचा सांगू? आमचं सगळं शिक्षण उर्दूतून. त्याच्या घरची दखनी आणि पुस्तकातली उर्दू यांच्यात तेर ते हैद्राबाद एवढं अंतर, तरी मला वाटायचं, याला सगळं आयतं मिळालंय. प्रयोगाच्या तासाला बेडूक चिरायचा तर माझी कात्री भलतंच कापायची. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या दारूकाम, म्हणजे लग्नावरातीतल्या शोभेच्या दारूचं काम. लहानपणापासून बाणाच्या वाती वळलेली त्याची बोटं चिमट्यासारखी चालायची. प्रोफेसर त्याच्या टेबलापाशी थांबायचे आणि माझ्या टेबलापासून पुढं जायचे. एवढंच काय, माझे वडील एकदा गुलबर्ग्याला आले, दोन दिवस राहिले आणि जाताना मला म्हणाले, "त्या दस्तगीरसारखा बस की जरा अभ्यासाला." त्या वाक्यानं मी आठ दिवस नीट जेवलो नाही.

परीक्षेआधी महिनाभराची सुट्टी मिळाली. दस्तगीर म्हणाला, "माझ्या घरी चल. लग्नसराई आहे, मला काम सोडून बसता यायचं नाही. पण दोघं मिळून करू." मी एका पायावर तयार झालो. मित्राच्या ओढीनं गेलो असं मी पुष्कळांना सांगितलंय. खरं कारण वेगळं होतं. तो किती वाचतो हे मला रोजच्या रोज बघायचं होतं.

तेरहून येडशीपर्यंत छोट्या लाईनची गाडी, पुढं येरमाळ्यावरून बैलगाडी. शेतांत जोंधळ्याची काढणी झालेली, करडई मात्र उभी, काट्यांची. वारा तापू लागलेला. माझ्या कापडी पिशवीच्या तळाशी उपरण्यात गुंडाळलेलं एक निळं कापडी बांधणीचं पुस्तक होतं. प्राणिशास्त्राचं, नवं कोरं. हैद्राबादच्या मामांनी खटपट करून मिळवलेलं. दस्तगीरजवळ तसलं पुस्तक नव्हतं, तो तासाला लिहून घेतलेल्या वहीवरच सगळा अभ्यास करायचा. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं विचारलं, "मामांना पुस्तक मिळालं का रे?"

"नाही मिळालं," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं.

दस्तगीरच्या घरात शिरण्याचा एक रिवाज होता. दाराबाहेर एक कोनाडा होता. येणाऱ्यानं खिशातली काडीपेटी काढून त्यात ठेवायची, मगच चपला काढायच्या. पाहुणा असो, तलाठी असो, नवरदेवाचा बाप असो. दस्तगीरचे अब्बा शेताकडच्या छपरात दारू कालवायचे, आणि तिथं तर लोखंडाचा खिळाही चालायचा नाही. खल लाकडाचा, बत्ता लाकडाचा. घराच्या ओसरीवर फक्त कागदी नळ्या वळायचं काम. तरी तिथंसुद्धा दिवा नाही. दिवस मावळायच्या आत काम संपायचं, आणि काम संपलं की अभ्यासही संपायचा, कारण त्या घरात ही दोन्ही कामं एकच होती. माझी काडीपेटी मी इमानदारीनं कोनाड्यात ठेवली. पिशवी कुणी तपासली नाही.

ओसरीवर अम्मा बसायची. दस्तगीरची आई. बारकी, सावळी, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. समोर कचेरीतल्या रद्दीचा ढीग, खळीचं भांडं आणि गुळगुळीत झालेली एक लाकडी दांडी. कागदाची पट्टी दांडीवर गुंडाळायची, खळीचं बोट फिरवायचं, दांडी ओढून घ्यायची, की झाली नळी. कुणाच्या फिर्यादी, कुणाचे जबाब, उर्दूतले, मोडीतले, सगळे तिच्या हातून गोल होऊन उन्हात वाळायचे. तिला अक्षर एक येत नव्हतं.

आणि दस्तगीर अभ्यास करायचा तो हिच्यासमोर. तोही नळ्या वळायला बसायचा आणि वहीतला धडा तोंडानं सांगू लागायचा. अम्मा त्याला सबक म्हणायची. तो सांगायचा, ती ऐकायची, दोघांचे हात चालू. ती काही विचारायची नाही. पण सबकात काही गळालं की तिचा हात थांबायचा. हात थांबला की दस्तगीर थांबायचा.

"काल पित्ताच्या पिशवीचं बोलला व्हतास," ती म्हणायची. "आज ती कुठं गेली?"

"ऱ्हायली अम्मा."

"मग मागं जा. आतड्यापासनं सांग."

आणि तो मुकाट्यानं आतड्यापासून सांगायचा. लिहून ठेवता येत नाही म्हणून तिनं सगळं जसंच्या तसं डोक्यात ठेवलेलं. बेडकाची हाडं, कोंबडीचं पोट, झाडाच्या मुळाचे थर. मी पहिल्या दिवशी हसलो. दुसऱ्या दिवशी हसू आलं नाही. चौथ्या दिवशी मला कळलं की आजवर दस्तगीरच्या ज्या ज्या गोष्टींचा मी हेवा केला त्या सगळ्या किरकोळ होत्या. खरी गोष्ट इथं ओसरीवर बसलेली होती.

माझी आई तेरला, फार प्रेमळ. मी पुस्तक उघडलं की ती घरात भांडं वाजू द्यायची नाही. धाकट्यांना नदीवर पिटाळायची. दुधाचा पेला पुस्तकाशेजारी ठेवून पावलं न वाजवता जायची. मी काय वाचतो हे तिनं जन्मात विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. माझा अभ्यास म्हणजे आमच्या घरातलं एक सोवळं होतं. त्याला कुणी शिवायचं नाही. मला वाटायचं, केवढं सुख हे. तेरखेड्याला आल्यावर पहिल्यांदा वाटलं, मी आजवर एकटाच बसलेलो आहे.

त्या महिन्यात मी माझा अभ्यास केलाच नाही. मी दस्तगीरचा अभ्यास केला. त्याचा कुठला धडा झाला, कुठला राहिला, अम्माचा हात आज किती वेळा थांबला, हे मला पाठ होतं. निळं पुस्तक घेऊन मी शौचाच्या निमित्तानं करडईच्या बांधापलीकडं जाऊन बसायचो. डोळे पानावर असायचे, कान ओसरीकडं.

मग एक मोठी वरात ठरली कळंबला. दस्तगीर आणि त्याचे अब्बा माल घेऊन दोन दिवसांसाठी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर पुस्तकाविना, कामाविना बसलेला बघून अम्मा म्हणाली, "बेटा, तूच सांग आज सबक. त्याबगर हात चालंना माझा."

माझा विश्वासच बसला नाही. दस्तगीरचा पुढचा धडा हृदयाचा होता, तो मी कालच बांधावर बसून वाचला होता. मी तोच सांगू लागलो. चार कप्पे, वरचे दोन, खालचे दोन, मधे पडदा.

"चार खोल्यांचं घर म्हन की," अम्मा म्हणाली. "मधल्या भिंतीला दार?"

"नाही अम्मा."

"बरं. म्हंजी जावांचं घर."

मी हसलो. ती हसली. मळकं रक्त उजवीकडच्या वरच्या खोलीत येतं, तिथून खालच्या खोलीत, तिथून फुप्फुसात धुऊन निघतं आणि डावीकडच्या वरच्या खोलीत परत येतं. ती प्रत्येक वाक्यावर मान हलवायची आणि तिच्या मानेसरशी ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसायचं. वर्षभर डोकं आपटून जे आलं नव्हतं ते दहा नळ्या होईस्तोवर आलं. मला इतका आनंद झाला होता की आता आठवलं तरी लाज वाटते. तिथंच थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायला उरली नसती.

सांगून झाल्यावर मी वाट बघत राहिलो. शाबासकीची, दुसरं काय.

"चांगलं सांगितलंस," अम्मा म्हणाली. "पर एक सांगू? दस्तगीर सांगतो तवा वाटतंय, घरात जाऊन बघून आलाय. तू दारात उभा ऱ्हाऊन सांगतोस."

तिच्या मनात काही नव्हतं. खळीचं बोट पुसावं तसं ती सहज बोलली. माझ्या मात्र कानशिलातून वाफा निघाल्या. मी म्हणालो, "दारांचंच राहिलं बघा अम्मा. वरच्या आणि खालच्या खोलीच्या मधे पडद्याचं दार असतं. उजवीकडच्या दाराला दोन पाकळ्या. डावीकडच्याला तीन."

खरं उलटं आहे. उजवीकडं तीन, डावीकडं दोन. पुस्तकातलं चित्र माझ्या डोळ्यांपुढं स्वच्छ होतं. आपण हे ठरवून केलं नाही, जीभ घसरली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. जीभ घसरली नव्हती. अम्माच्या तोंडून निघालेलं दस्तगीर मोडणार नाही हे मला ठाऊक होतं.

"उजवीकडं दोन, डावीकडं तीन," अम्मा म्हणाली. तीनदा म्हणाली आणि नळी ओढून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दस्तगीर आला. धुळीनं भरलेला, जागरणानं डोळे लाल. तोंड धुऊन तसाच ओसरीवर बसला आणि वही उघडून, मिटून, हृदयाचा धडा सांगू लागला. पाकळ्यांपाशी आला आणि अम्माचा हात थांबला.

"चुकलास. उजवीकडं दोन."

"तीन, अम्मा."

"दोन. नारायननं सांगितलंय."

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत संशय असता तर मी मोकळा झालो असतो, भांडलो असतो, कदाचित कबूलही झालो असतो. पण त्याला स्वतःचाच संशय आला होता. वही उघडून तो आपलंच अक्षर निरखू लागला. "मीच उलटं उतरवून घेतलं असंल," तो म्हणाला. "त्या तासाला मी मागं बसलो होतो. पुस्तक असतं तर आत्ताच्या आत्ता बघितलं असतं."

"हो ना," मी म्हणालो.

पुस्तक आमच्यापासून चार हातांवर होतं. खुंटीला टांगलेल्या पिशवीत.

मला तिथं थांबवेना. आईची तब्येत बरी नाही असं काहीतरी सांगून मी दुसऱ्या दिवशी निघायचं ठरवलं. मी विहिरीवर गेलो होतो तेवढ्यात अम्मानं माझे कपडे पिशवीतून काढून, धुऊन, उन्हात टाकले. निघताना घड्या करून तिनंच पिशवीत भरून दिले. तेरला पोचल्यावर आधी पिशवीत हात घातला. पुस्तक तळाशी होतं, उपरण्यात गुंडाळलेलं, जसंच्या तसं. मला हायसं वाटलं.

तेरला मी एकदा आईला म्हणालो, "बस इथं, तुला धडा सांगतो." ती पदरानं हात पुसत बसली, घाबरूनच. दोन वाक्यांत उठली. "मला काय कळतंय बाबा त्यातलं? तू वाच. मी दूध आणते." मी दूध प्यायलो.

चार-पाच दिवसांनी पोस्टकार्ड आलं. दस्तगीरचं मराठी अक्षर कोंबडीच्या पायांचं. पण माझ्यासाठी त्यानं मुद्दाम मराठीत लिहिलं होतं. "नारायणा, उजवीकडं तीनच आहेत. बकऱ्याचं दिल आणून, चिरून बघितलं. तू घाईत उलटं पाठ केलंस वाटतं. परीक्षेआधी दुरुस्त कर. अम्मा सलाम सांगते." ते वाचून मला शरम वाटायला हवी होती. वाटली ती चीड. आमच्या माळकरी घरात बकऱ्याचं काळीज कोण आणू देणार होतं? इथंही हा घरात जाऊन बघून आला आणि मी दारात उभा, एवढंच मला त्या कार्डात दिसलं. कार्ड मी चुलीत घातलं.

परीक्षा झाली. त्याचा नंबर लागला, माझा लागला नाही. हृदयाचा प्रश्न आलाही नव्हता. तो हैद्राबादला गेला. निरोप घ्यायला तेरला आला तेव्हा मी शेतात असल्याचं घरच्यांना सांगायला लावलं आणि आतल्या खोलीत कान लावून बसलो. तो माझ्या आईशी अर्धा तास बोलत होता. काय बोलत होता कुणास ठाऊक, पण ती खळखळून हसत होती. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली. त्या धामधुमीत कुणावर काय गुदरलं, तेरखेड्याची ती ओसरी जागेवर आहे की नाही, हे बघायला मी गेलो नाही. माझ्याजवळ कारणं होती. त्या साली सगळ्यांजवळच कारणं होती.

आज सकाळी चष्मा आपणहून डोळ्यांवर घेतला आणि नातीला हाक मारली. पुस्तक धरलं. ती घडाघडा म्हणत गेली. उजवीकडच्या झडपेपाशी आली आणि थांबली. "तीन ना आजोबा?" मी पुस्तकात बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, कारण या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यांत शेवटी ज्या माणसानं दिलं ते माणूस मला दिसत होतं.

नोकरी लागून बरीच वर्षं झाली होती. परीक्षेच्या देखरेखीला माझी नेमणूक तेरखेड्याला झाली. दिवस हेच, कडुलिंबाच्या फुलांचे. टाळता आलं असतं. पण संध्याकाळच्या गाडीला तासभर अवकाश होता आणि पाय त्या गल्लीत वळले. दाराबाहेर कोनाडा होता. मी काडीपेटी काढून ठेवली. ओसरीवर अम्मा नळ्या वळत होती. डोळे गेलेले, हात तेच.

"कोन हाय?"

"मी नारायण, अम्मा. तेरचा."

"बस बेटा." जणू मी कालच गेलो होतो. दस्तगीर हैद्राबादलाच स्थायिक झाला, तिला न्यायला येतो, पण तिचा पाय निघत नाही, हे सगळं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "सबक सांगू? तुझाच सांगते." आणि तिनं चार खोल्यांचं घर सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही, बोलण्याची ढबसुद्धा माझीच. पाकळ्यांपाशी तिचा हात थांबला.

"उजवीकडं तीन," ती म्हणाली. "व्हय ना?"

मी पुढं सरकलो. "अम्मा, तेव्हा मी..."

"तुझ्या पिशवीत निळी किताब व्हती. कपडे काढताना घावली. म्या उघडून बघितली. वाचाय येत न्हाय, पर चित्तर तर दिसतंय. पाकळ्या मोजल्या अन् व्हती तशी गुंडाळून ठिवली." ती पुन्हा दांडीवर कागद गुंडाळू लागली. "तू गेल्यावर दस्तगीरला म्हनलं, किताब न्हाय तर न्हाय, खाटकाकडनं बकऱ्याचं दिल आन, आपन बघू. ते कार्ड बी म्याच लिवाय लावलं."

"दस्तगीरला सांगितलं नाहीत?"

"किताबीचं? न्हाय."

"का अम्मा?"

"त्याला दोस्त एकच व्हता."

तिनं दांडी ओढून घेतली, नळी बाजूला ठेवली आणि पुढचा कागद हातानं चाचपला. त्या क्षणी मी तिच्या पायांवर डोकं ठेवायला हवं होतं. निदान रडायला हवं होतं. मी नुसता बसून राहिलो, आणि मनात जे आलं ते खरं सांगतो. मला पुन्हा दस्तगीरचा हेवा वाटला.